चिपी ते बिरसी : अंतर आणि वेळ, माझ्या वहीतल्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

धाकटी बहीण यंदाही गोंदियाहून येऊ शकली नाही. संध्याकाळी फोनच्या पडद्यावरच ओवाळणं झालं. तिच्या खिडकीबाहेर पूर्ण काळोख होता आणि आमच्या पारुळ्याच्या अंगणात अजून तुळशीची पानं दिसत होती. आईने ते बरोबर टिपलं. "थंय रात झाली, आणि हंय अजून उजेड," म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, "विमानान गेल्यार किती येळ लागतलो?"

मी "दोनेक तास" असं सांगून मोकळा झालो. पण जेवताना ते उत्तर मनात टोचत राहिलं. चिपीचा विमानतळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. गोंदियाजवळ बिरसीलाही विमानतळ आहे. महाराष्ट्राच्या दोन टोकांना दोन धावपट्ट्या आहेत, मी शाळेत भूगोल शिकवतो, आणि आईच्या प्रश्नाला मी अंदाजाने उत्तर दिलं. नीट मोजून सांगायचं ठरवलं. आजपासून या वहीत नोंदी ठेवतो आहे.

उजेडाचं कोडं आधी सोडवलं, कारण ते सोपं होतं. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत साधारण पावणेसात अंशांचा फरक आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने गोंदिया आमच्यापेक्षा २७ मिनिटं पुढे. शिवाय ते उत्तरेला असल्यामुळे थंडीच्या दिवसांत तिथे दिवस जरा आणखी लवकर मावळतो. घड्याळ मात्र दोघांचं एकच.

५ नोव्हेंबर

आज दोन्ही ठिकाणांची माहिती गोळा केली.

चिपी : अक्षांश १६.०० उत्तर, रेखांश ७३.५३ पूर्व. वेंगुर्ले तालुक्यातला जांभ्याचा सडा, समुद्र अगदी जवळ. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी उद्घाटन झालं. धावपट्टी २,५०० मीटर, पूर्व-पश्चिम. उद्घाटनाच्या दिवशी पहिलं प्रवासी विमान उतरलं तेव्हा आई शेजारणींबरोबर कुंपणापर्यंत गेली होती.

बिरसी : अक्षांश २१.५३ उत्तर, रेखांश ८०.२९ पूर्व. वय पाहिलं तर हे चिपीच्या आजोबाच्या पिढीतलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी इथे धावपट्टी बांधली. आज तिथे वैमानिकांना शिकवणारी संस्था आहे, त्यामुळे प्रवासी विमान नसलं तरी आकाशात छोटी विमानं घिरट्या घालत असतात. भाचा त्यांची संख्या मोजतो. प्रवासी सेवा मात्र मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. धावपट्टी २,३०० मीटर, ईशान्य-नैर्ऋत्य.

एटीआर ७२ जातीच्या पंख्याच्या विमानाला यातल्या कुठल्याही धावपट्टीची लांबी सहज पुरते. दोन्ही ठिकाणी त्याच जातीची विमानं ये-जा करत आली आहेत, म्हणून पुढचा सगळा हिशोब एटीआर धरून करणार.

६ नोव्हेंबर

पहिलं गणित, आणि पहिली चूक.

एका स्रोतातून घेतलेली स्थानं अंश आणि मिनिटांत होती : ७३ अंश ३२ मिनिटं, २१ अंश ३२ मिनिटं, ८० अंश १७ मिनिटं. घाईत मी ती एक्सेलमध्ये ७३.३२, २१.३२, ८०.१७ अशी भरली. उत्तर आलं ९३३ किलोमीटर. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा पाहताना लक्षात आलं की मिनिटांना साठाने भागायला हवं होतं. ३२ मिनिटं म्हणजे ०.३२ नव्हे, ०.५३ अंश. दुरुस्त केल्यावर उत्तर ९४०.

मुलांना शिकवताना ही चूक आवर्जून दाखवायची. उत्तर भलतंच आलं असतं तर लगेच संशय आला असता. ९३३ हा आकडा अगदी खरा वाटतो, म्हणून तो धोक्याचा.

९ नोव्हेंबर

९४० वर विश्वास ठेवायचा तर तो वेगवेगळ्या वाटांनी यायला हवा. आज तेच करून पाहिलं.

सगळ्यात भाबडी रीत : एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, दोन्ही फरकांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. उत्तर ९७१. तीसेक किलोमीटर जास्त. कारण उघड आहे. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे जवळपास सारखाच लांब असतो, पण रेखवृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश १०५ किलोमीटरच्या आसपास भरतो.

मग दोन्ही ठिकाणांचा मधला अक्षांश, १८.७७, घेऊन रेखांशांच्या फरकाला त्याच्या कोसाइनने गुणलं. उत्तर ९४०.६.

हॅवरसाइन सूत्र, म्हणजे गोलावरचं खरं लघुतम अंतर, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून : ९४०.३.

शेवटी पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे हिशोबात धरलं. फरक साधारण एक किलोमीटरचा.

यातलं मधल्या अक्षांशाचं गणित मला मनापासून आवडलं. दहावीच्या मुलाला कोसाइन माहीत असतो, पायथागोरस माहीत असतो. तेवढ्यावर महाराष्ट्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर तो वहीत काढू शकतो आणि मोठ्या सूत्राशी त्याचं उत्तर तीनशे मीटरच्या आत जुळतं. यापेक्षा चांगला गृहपाठ मला सुचत नाही.

वैमानिक सागरी मैलांत बोलतात. सागरी मैल म्हणजे अक्षांशाचं एक मिनिट, १,८५२ मीटर. त्या भाषेत अंतर ५०८.

१६ नोव्हेंबर

ही रेषा जमिनीवर कुठून जाते?

निघतानाची दिशा उत्तरेपासून ४८ अंश, पोहोचतानाची ५० अंश. म्हणजे विमान लघुतम वाटेने नीट सरळ गेलं तरी होकायंत्राचा काटा वाटेत दोन अंश सरकलेला असेल. पृथ्वी गोल आहे याचा इतका छोटा आणि इतका स्पष्ट पुरावा मला आजवर हाती लागला नव्हता.

रेषेवरची गावं काढायला दोन तास गेले, आणि ते दोन तास या प्रकल्पातले सर्वांत सुखाचे. चिपीहून निघून कुडाळचा मुलूख, मग सह्याद्री. घाट ओलांडताच कोल्हापूर जवळपास पायाखाली. हातकणंगल्याच्या बाजूने वर जात सांगली आणि तासगाव यांच्यामधून वाट. पुढे पंढरपूर डाव्या हाताला, मंगळवेढा उजव्या हाताला. म्हणजे चोखोबांचं गाव आणि विठोबाचं गाव यांच्या बरोबर मधून रेषा जाते. मग धाराशिव, अगदी चार-पाच किलोमीटरच्या आत. तुळजापूर उजवीकडे राहतं. वाटेचा मध्यबिंदू गंगाखेड आणि अहमदपूर यांच्या दरम्यान. त्यानंतर नांदेड, तेही जवळजवळ रेषेवरच. पुढे उमरेड, मग भंडारा आणि पवनी यांच्यामध्ये वैनगंगा ओलांडायची, आणि तिरोडा-साकोलीच्या मधून बिरसी.

आईला ही नावं वाचून दाखवली. पंढरपूर आल्यावर तिने हात जोडले. "वरसून दिसतला काय?" असं विचारलं. डाव्या खिडकीतून, आकाश निरभ्र असेल तर चंद्रभागेचं वळण दिसायला हरकत नाही. रेषेपासून ते दहाएक किलोमीटरवर आहे.

आणखी एक गोष्ट आढळली. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची दिशा, शेवटचं शून्य काढून. बिरसीच्या एका टोकाचा क्रमांक ०४, म्हणजे ४० अंश. आपण पोहोचतो ५० अंशांच्या दिशेने. वारा अनुकूल असेल तर चिपीहून आलेलं विमान फारसं न वळता सरळ धावपट्टीवर उतरू शकेल. चिपीला उलट आहे. तिथली पट्टी ०९ आणि २७. समुद्राकडून वारा असला की विमान पश्चिमेला तोंड करून उडेल, क्षणभर अरबी समुद्रावर जाईल आणि मग उलटं वळून गोंदियाची वाट धरेल.

२६ नोव्हेंबर

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. नववीच्या वर्गात पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन गेलो. दोरा चिपी आणि गोंदियावर ताणून धरला. मग भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने रेषा मारली. साध्या चौकोनी जाळीच्या नकाशावरची सरळ रेषा आणि गोलावरची लघुतम वाट यांत मध्यावर सहा-सात किलोमीटरचाच फरक येतो, त्यामुळे आपल्या राज्यापुरती पट्टी चालते. मुंबई-न्यूयॉर्कला ती अजिबात चालणार नाही, हेही दोऱ्याने दाखवलं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, मग रेल्वे किती लांबून जाते?" फार चांगला प्रश्न. आमच्याकडून गोंदियाला जायचं तर फोंडा घाट चढून, दाजीपूर-राधानगरीवरून कोल्हापूर गाठायचं आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची. कोल्हापूर ते गोंदिया ही गाडी १,३४० किलोमीटरच्या आसपास धावते आणि एका दिवसाहून जास्त वेळ घेते. मिरज, सातारा, पुणे, दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर असा तिचा फेरा. कोल्हापूर आणि बिरसी यांच्यातलं हवाई अंतर मी फळ्यावर काढून दाखवलं : ८३१ किलोमीटर. गाडी पाचशे किलोमीटर जास्त फिरते. एवढं करून ती राज्याची सीमा ओलांडत नाही. बहिणीला सासरी सोडायला आम्ही याच गाडीने गेलो होतो. मनमाडला उजाडलं की काळोख होता ते मला आठवत नाही, पण आई खिडकीशी बसून होती आणि रात्रभर झोपली नव्हती, हे आठवतं.

१ डिसेंबर

आता वेळ. अंतराला एक उत्तर असतं, वेळेला नसतं, हे आज नीट कळलं.

लोक साधारण असा ठोकताळा वापरतात : ताशी ८०० किलोमीटर वेग धरा आणि वर अर्धा तास मिळवा. त्याने उत्तर येतं १ तास ४१ मिनिटं. पण हा ठोकताळा जेट विमानाचा. एटीआर ७२ चा क्रूझचा, म्हणजे वर चढून झाल्यावर सरळ उडतानाचा, वेग ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास. आईला मिळणारं विमान हेच असणार, तेव्हा जेटचा आकडा तिला सांगणं खोटं ठरेल.

नुसता भागाकार : ९४० भागिले ५१०, म्हणजे १ तास ५१ मिनिटं. पण विमान धावपट्टी सोडताच ५१० ने जात नाही. म्हणून प्रवासाचे तुकडे केले. चढण १२० किलोमीटर, सरासरी ताशी ३६० : २० मिनिटं. उतरण १२० किलोमीटर, ताशी ४०० : १८ मिनिटं. मधले ७०० किलोमीटर ताशी ५१० ने : ८२ मिनिटं. जमिनीवर चालणं, रांगेत येणं, उतरण्यापूर्वीचं वळण यांसाठी १५ मिनिटं. बेरीज १३५, म्हणजे सव्वादोन तास. चढण-उतरणीचे आकडे मी धरलेले आहेत. ते थोडे इकडेतिकडे केले तरी उत्तर पाच मिनिटांपलीकडे हलत नाही, हे तपासून पाहिलं.

चाकांखालची अडण काढल्यापासून ती पुन्हा लावेपर्यंतच्या या वेळेला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. वेळापत्रकात छापलेला असतो तो हाच. मोठ्या विमानतळांवर यातला बराच भाग जमिनीवरच जातो, कारण उडायला रांग असते. चिपी आणि बिरसी इथे ती रांग नाही. विमान वळलं की पट्टीवर. लहान विमानतळाचं हे सुख कुणी मोजत नाही.

ठरावीक वेळेचं महत्त्व समजायला एक टोकाचं उदाहरण वहीत लिहून ठेवतो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण आहे. २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं. अर्धा तास मिळवण्याचा ठोकताळा तिथे अगदीच निरुपयोगी. ठोकताळा कुठल्या अंतरासाठी आणि कुठल्या विमानासाठी बनला, हे कळल्याशिवाय तो वापरू नये.

८ डिसेंबर

वाऱ्याचा हिशोब. फक्त क्रूझचा वेग धरला. पाठीमागून ताशी ३० किलोमीटरचा वारा मिळाला तर जाताना १०४ मिनिटं. तोच वारा परतताना तोंडावर आला तर ११७-११८. जाण्यायेण्यात तेरा मिनिटांची तफावत, तीही अशा वाऱ्याने जो जमिनीवर आपण सहज सोसतो.

जाताना मिळालेलं येताना जातं, म्हणजे बेरीज तीच राहील, असं वाटतं. तसं होत नाही. वारा नसताना जाऊन-येऊन २२१ मिनिटं लागतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तर ९२ आणि १३८, बेरीज २३०. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा. हे मुलांना समीकरण मांडून दाखवणार आहे.

हिवाळ्यात या उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणजे आईला जाताना साथ. पावसाळ्यातलं चित्र जास्त रंजक आहे. मोसमी वारे खालच्या थरात पश्चिमेकडून येतात, साधारण सहा किलोमीटरच्या वर मात्र वारा फिरतो आणि पूर्वेकडून वाहू लागतो. त्यामुळे जुलैत एकाच वाटेवर, एकाच वेळी, खालून जाणाऱ्या एटीआरला वारा पाठीवर आणि दहा किलोमीटरवरून जाणाऱ्या जेटला तोंडावर असं होऊ शकतं. पण जुलैत आईला पाठवण्याचा विचारच नको. चिपीच्या सड्यावर ढग टेकले की समोरचं आंब्याचं झाड दिसत नाही.

१४ डिसेंबर

आजवरच्या सगळ्या नोंदींत एक गृहीत होतं, की विमान चिपीहून थेट बिरसीला जातं. तसं विमान नाही. आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथून सुरू होतं.

दोन्ही ठिकाणं ज्या एका मोठ्या विमानतळाला जोडलेली आहेत, तो म्हणजे हैदराबाद. डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोने गोंदिया-हैदराबाद सुरू केलं. सिंधुदुर्ग-हैदराबादची सेवा २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने आणली. महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला तेलंगणात उतरायचं, हे मला आधी फार आडवळणाचं वाटलं. म्हणून मोजलं.

चिपी ते हैदराबाद ५४० किलोमीटर. हैदराबाद ते बिरसी ५१५. बेरीज १,०५५. थेट वाटेपेक्षा फक्त ११५ किलोमीटर जास्त! दोन-तीनदा तपासलं, कारण पटेना. पण नकाशावर पाहिलं की कळतं. आपलं राज्य नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे तिरकं पसरलं आहे आणि हैदराबाद त्या तिरक्या रेषेच्या फार खाली नाही.

वेळही काढली, मागच्याच रीतीने. पहिला टप्पा ८८ मिनिटं, दुसरा ८५. एकूण २ तास ५३ मिनिटं. थेट गेलो असतो तर सव्वादोन तास. हवेत फक्त ३८ मिनिटं वाढली.

मग दिवस जातो कुठे? घर ते चिपी पंधरा मिनिटं. विमानतळावर आधी दीड तास. शेवटी बिरसी ते गोंदिया शहर, बारा-तेरा किलोमीटर, सामान मिळण्यासकट पाऊण तास. हे सगळं मिळून साडेपाच तासांच्या आत बसतं. उरतो हैदराबादचा मुक्काम. तिथे पहिलं विमान उतरणं आणि दुसरं सुटणं यांच्यात दोन तास असतील तर आई संध्याकाळी नातवाबरोबर जेवेल. दुसरं विमान आधीच निघून गेलेलं असेल तर रात्र हैदराबादला. एक्सेलमधल्या त्या एका रकान्यात २ घातले की एकूण साडेसात तास येतात, १८ घातले की जवळपास पूर्ण दिवस. अंतर तेच, वेग तोच.

मी महिनाभर कोसाइन आणि वाऱ्यात शोधत होतो ते उत्तर दोन वेळापत्रकं एकमेकांशेजारी ठेवण्यात होतं. याचं वाईट वाटत नाही. ३८ मिनिटं हा आकडा हातात नसता तर "लांब पडतं, विमान परवडणार नाही" असंच म्हणत राहिलो असतो. लांब पडत नाही. दोन विमानांची वेळ जुळायला हवी, एवढंच.

२२ डिसेंबर

आईला सगळं सांगितलं. थेट असतं तर सव्वादोन तास. हैदराबादवरून, वेळा जुळल्या तर, दारापासून दारापर्यंत साडेसात तास. रेल्वेने, फोंडा घाट धरून, दोन दिवस. तिने मधला आकडा पुन्हा एकदा विचारला. "साडेसात तास? म्हणजे सकाळची पेज खाऊन निघालंय तर रातच्या जेवणाक थंय?" हो म्हटलं.

बहिणीला फोन लावला. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "दादा, बिरसीला मी घ्यायला येते, तू तिला एकटीला पाठवू नकोस." मी बरोबर जाणार आहे. फेब्रुवारीत, धुकं सरल्यावर. तिकीट काढण्याआधी दोन्ही वेळापत्रकं पुन्हा पाहायची, कारण लहान विमानतळांच्या फेऱ्या हंगामानुसार बदलतात.

वहीत नवीन तक्ता आखला. डावीकडे मी काढलेली मिनिटं, उजवीकडे रिकामी जागा : घर सोडलं, चिपीला विमान हललं, चाकं सुटली, हैदराबादला चाकं टेकली, पुन्हा सुटली, बिरसीला टेकली, बहिणीचं दार. उजवी बाजू आई भरणार आहे. फोनमधली वेळ तिला नको. बाबांचं मनगटी घड्याळ कपाटातून काढून तिने माझ्या हातात दिलं आणि उद्या कुडाळहून येताना त्यात नवा सेल घालून आणायला सांगितलं.